शुभोदांच्या चाळीस वॉर्निंग

ऑफिसात फायलींपेक्षा किस्सेच जास्त साठतात. फायली निदान कोणी डिलीट तरी करतं! आमच्या एस्प्लनेडच्या ऑफिसातले किस्से मी वहीत उतरवून ठेवते.

नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून कोलकात्यात बेहालाला आले, घरी बसून प्रोग्रामिंगची सी भाषा शिकले आणि या ऑफिसात चिकटले. आमचे प्रमुख शुभोदा शुक्रवारी रिटायर होणार होते. प्रोग्राम तपासायच्या जुन्या टेस्ट त्यांनीच लिहिलेल्या, आणि कंपाइल केल्या, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवल्या, की चाळीस वॉर्निंग! "एकही मागे ठेवून जाणार नाही," म्हणाले. ऑफिसचा नियमही त्यांचाच: जो नवी वॉर्निंग आणेल, त्यानं सगळ्यांना संदेश, म्हणजे इथली छेन्याची मिठाई, खाऊ घालायचा.

*

भानगड स्ट्रिंगची, म्हणजे प्रोग्राममधल्या अक्षरांच्या माळेची. नॅरो स्ट्रिंगमध्ये अक्षरं दाटीवाटीनं बसतात, वाइडमध्ये ऐसपैस. एकीच्या जागी दुसरी दिली की कंपायलर कुरकुरतो.

"वैशालीदी, हा कंपायलर अगदी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी," आमची ज्युनिअर तनुश्री म्हणाली. "अडवत काही नाही, पण ऐकवतो सगळं!"

*

सोमवारी तिनं पाच मिनिटांत चाळीसच्या शून्य केल्या. टाळ्या!

शुभोदांनी शांतपणे तिची कमांड वाचली. तिनं वॉर्निंग दाखवणंच बंद केलं होतं.

"ताप उतरवलास, की थर्मामीटर फोडलास?"

*

मग माझा पराक्रम. वाइड स्ट्रिंगला मी कास्ट करून दटावलं, 'तू नॅरोच आहेस.' वॉर्निंग गेली! पण टेस्टनं इंग्रजीत 'कोलकाता' छापायचं, तिथे नुसतं पहिलं अक्षर आलं; त्यापुढची ऐसपैस रिकामी जागा त्याला शब्दाचा शेवट वाटली.

शुभोदांनी चष्मा पुसला. "वैशाली, बाकीचं शहर कुठे ठेवलंस?"

*

मग मात्र एकेक ओळ नीट दुरुस्त केली. गुरुवारी एकच वॉर्निंग उरली. तिला शुभोदा कोणाला हात लावू देईनात. चार कप चहा झाला, घरी बराकपूरला जायची नेहमीची गाडीही चुकली, पण पठ्ठ्यानं ती काढलीच.

*

शुक्रवारी दुपारी त्यांनी शेवटचं कंपाइल केलं. स्क्रीन कोरी.

"चाललंच नाही वाटतं," म्हणाले. पुन्हा केलं. पुन्हा कोरी!

"शुभोदा, शून्य आहेत!" तनुश्री ओरडली.

त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. मग नॅरोच्या जागी मुद्दाम एक वाइड स्ट्रिंग घातली. लगेच वॉर्निंग आली.

"हां, कंपायलर जागा आहे." ओळ पूर्ववत केली, पुन्हा कोरी स्क्रीन पाहिली आणि मॉनिटर बंद केला.

"शुभोदा, नवी वॉर्निंग! नियम म्हणजे नियम!" तनुश्रीनं पकडलं.

त्यांनी बॅग उघडली आणि संदेशाचा खोका टेबलावर ठेवला. खोक्यावर बराकपूरच्या दुकानाचं नाव होतं.