बाहुल्याचा वरबाप

आमच्या घरात लग्नाचे दोन मुलगे होते आणि त्यातला थोरला मी साफ विसरलो होतो.

धाकटा निखिल. तो रोज डोळ्यांसमोर असतो (निदान त्याचा मोबाइल तरी असतो), त्यामुळे त्याला विसरायची सोय नाही. थोरला सापडला तो माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, डांबरगोळ्यांच्या वासात, अक्काच्या जुन्या परकराखाली. धुळ्याहून निखिलच्या सासरची मंडळी बैठकीला येणार होती. होणाऱ्या सासरची. हा 'होणाऱ्या' शब्द पुढे फार नाजूक होणार आहे, म्हणून आताच लिहून ठेवतो. तर पाहुणे येणार म्हणून सुधाने, म्हणजे माझ्या पत्नीने, मला माळा आवरायला चढवलं. पाहुणे माळ्यावर चढून बघणार आहेत का, असं मी विचारलं नाही. निवृत्त प्राध्यापकाला घरात प्रश्न विचारायचा अधिकार नसतो, फक्त शिडी धरायचा किंवा चढायचा असतो.

पेटीत एक चिंधीचा बाहुला होता. वीतभर उंच, काळ्या दोऱ्याचे डोळे, त्यातला एक उसवलेला, डोक्याला जरीच्या काठाचा फेटा. मी तो हातात घेतला मात्र, आणि डोक्यात कुणीतरी दिवा लावला! सोनगीर! वडिलांची तिथल्या शाळेत झालेली बदली, भाड्याच्या दोन खोल्या, मागे किल्ला, आणि शेजारच्या तांबट आळीत दिवसभर हंड्या-कळशांवर पडणारे हातोडे. त्या ठोक्यांच्या तालावर आम्ही याच बाहुल्याची वरात काढली होती. बाहुला आमचा, बाहुली शेजारच्या एका मुलीची. माझी थोरली बहीण अक्का करवली झाली होती आणि मी, वय वर्षे आठ, वरबाप! अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि ऐन पाठवणीच्या वेळी त्या मुलीने बाहुली छातीशी धरून घरात धूम ठोकली. आमचा नवरदेव एकटाच परत आला. इतकी वर्षं त्यातलं अक्षरही आठवलं नव्हतं, आणि आता हातोड्यांचा आवाजसुद्धा ऐकू येत होता.

"सुधा!" मी माळ्यावरून ओरडलो. "मला सगळं आठवलं!"

"फडकं कुठे ठेवलंत ते आठवलं का?" खालून आवाज आला.

आता माझ्या तत्त्वांविषयी थोडं सांगायला हवं. (निखिल म्हणतो, 'थोडं' सांगितलेलं त्याने अजून ऐकलेलं नाही.) लग्नातल्या थाटमाटाला माझा विरोध आहे. मुहूर्त टळून जातो, नवरानवरी माळा धरून उभे असतात आणि स्टेजवर माइक घेतलेला एक इसम पुढाऱ्यांचं स्वागत करत असतो. वर ड्रोन घोंघावतो. पण माझा खरा वैरी म्हणजे टॉवेल-टोपी. आमच्या खान्देशात लग्नात मानाच्या पुरुषांना टॉवेल आणि टोपी देतात. त्या टॉवेलने अंग पुसलं जात नाही आणि ती टोपी कुणी घालत नाही. दोन्ही वस्तू कपाटात जातात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या मानाच्या पुरुषाला दिल्या जातात. एकेक टोपी जळगाव-धुळे अशा एसटीपेक्षा नियमित फेऱ्या मारते! आणि ती मिळाली नाही तर काका, मामा, मावसे भर मांडवात तोंड फुगवून बसतात. या प्रकारावर मी स्टाफरूममध्ये इतकं बोललो आहे की शेवटी शेवटी लोक चहा बाहेर टपरीवर प्यायचे.

बैठकीच्या दिवशी सकाळीच निखिल म्हणाला, "बाबा, प्लीज. आज फक्त चहा प्या आणि हसा."

त्याचं बरोबर होतं. तो आणि केतकी एकमेकांना पसंत होते. राहिला होता तो थोरामोठ्यांचा होकार. आमच्याकडचा सुधाने केव्हाच देऊन टाकला होता. धुळ्याकडचा होकार मात्र केतकीच्या आत्याच्या, लीलाताईंच्या हातात होता. गाडीतून पहिल्या त्याच उतरल्या. पांढरेशुभ्र केस, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि चालणं असं की आमच्या सोसायटीचा वॉचमन आपोआप उभा राहिला. त्यांच्यामागून केतकी आणि तिचे वडील दिलीपराव. दिलीपराव भला माणूस, पण पाण्याचा ग्लास उचलण्याआधीही ते एकदा बहिणीकडे बघत.

चहा झाला. मी हसलोही. मग दिलीपराव नम्रपणे म्हणाले, "सर, तुमच्या काही अपेक्षा?"

झालं! हा प्रश्न मला कुणी विचारायला नको होता.

"एकच," मी म्हणालो आणि पुढे चार सांगितल्या. "बँड नको. ड्रोन नको. पुढाऱ्यांचे सत्कार नकोत. आणि टॉवेल-टोपी तर मुळीच नको! मला कुणी टोपी दिली तर मी ती भर मांडवात परत करीन!"

(हे वाक्य लक्षात ठेवा. लीलाताईंनी ठेवलं.)

केळीचे वेफर्स खाल्ल्याचा आवाज तेवढा येत होता, मग तोही थांबला. निखिलने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, वातावरण जरा हलकं करावं. ही मंडळी मूळची सोनगीरची, हे दिलीपरावांनी फोनवर सांगितलेलं होतं. म्हटलं, गावाकडची गोष्ट निघाली की माणसं खुलतात. मी आत जाऊन बाहुला आणला आणि टीपॉयवर वेफर्सच्या बशीला टेकवून बसवला.

"तुमच्या सोनगीरचा जावई!" मी म्हणालो. मंडळी हसली. हसणारे लोक समोर असले की माझं काय होतं ते माझे जुने विद्यार्थी सांगतील. मी वरात सांगितली, हातोडे वाजवून दाखवले आणि मग त्या मुलीवर आलो. "मुलगी म्हणजे काय सांगू! नाक सदैव वाहतं, वेण्या उंदराच्या शेपटीएवढ्या, आणि आवाज असा की किल्ल्यावरची कबुतरं उडावीत! भर मांडवातून नवरी पळवून नेली हो तिने! मुलगी कसली, दरोडेखोर!"

दिलीपराव मोठ्याने हसू लागले. मग त्यांनी सवयीने बहिणीकडे पाहिलं आणि हसू मिशीतच अडकलं.

"काय नाव व्हतं त्या पोरनं?" लीलाताईंनी विचारलं. इतका वेळ त्या पुस्तकी मराठीत बोलत होत्या. आता अहिराणी सुरू झाली. खान्देशात बाई अहिराणीवर आली की समजावं, एक तर माया उतू चालली आहे किंवा आपली धडगत नाही.

"नाव कोण लक्षात ठेवतो! लिली का चिली असं काहीतरी..."

"लिलीच," त्या म्हणाल्या. "ती शेंबडी पोर मीच शे."

आणि त्या उभ्या राहिल्या. "दिलीप, ऊठ. या घरमा पोर देवानी नही."

दिलीपराव उठले. निखिलचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. दारात सुधा भरिताचं पातेलं घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे जे पाहिलं, त्यावरून पातेल्यातल्या वांग्यांचं जे झालं होतं तेच माझं होणार हे स्पष्ट झालं.

अशा वेळी शहाणा माणूस हात जोडतो. मी मुद्दा मांडला.

"पण ताई, नवरी तुम्हीच नेलीत ना!"

"मी नेली? बठ्ठं याद शे माले, सगळं!" त्या गरकन वळल्या. "वरबापाले मानाची टोपी दिली नाही म्हणून पंगतीवरून कोण उठलं? 'आमचा मान ठेवला नाही' म्हणून ओट्यावर जाऊन कोण बसलं? मी बाहुली घेऊन घरात गेले ती कामाने गेले. बाहेर येऊन पाहते तर वऱ्हाड गायब! नवरी नटून उभी अन् नवरदेव वरबापाच्या काखेत!"

"कसलं काम?"

"ते आते तुमले काय करनं?"

"अशक्य!" मी म्हणालो. "मी? आणि टोपीसाठी रुसेन? अहो, माझी हयात टोपीविरुद्ध बोलण्यात गेली! थांबा, साक्षीदार आहे. अक्का! ए अक्का!"

अक्का बोदवडहून कालच आली होती. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली. माझी सख्खी बहीण, रक्ताचं नातं, शिवाय वरपक्षाची करवली. मी निर्धास्त होतो.

अक्काने माझ्याकडे पाहिलंच नाही. "लिली?" ती म्हणाली. "माय वं! तू ती लिली?"

पुढचा काही वेळ दोघी एकमेकींच्या गळ्यात होत्या आणि आम्ही बाकीचे वेफर्सकडे बघत होतो. शेवटी मी खाकरलो. "अक्का, टोपीचं सांग ना यांना."

"काय सांगू? तू रुसला होताच," अक्का म्हणाली. "ओट्यावरून उठेना. मी गूळ-शेंगदाणे दिले तेव्हा घरी आला. लिले, हा लहानपणापासून असाच आहे बाई. मानाचा भुकेला!"

निखिल हसत होता. केतकी हसत होती. भरिताच्या पातेल्यामागे सुधासुद्धा हसत होती, आणि या हसण्याला मात्र मी कारण असूनही वक्ता नव्हतो.

लीलाताई बसल्या. दिलीपरावही बसले. "सर," ताई आता शांतपणे म्हणाल्या, "तुमची एक सून माझ्या कपाटात अजून पाठवणीची वाट पाहते आहे. आधी तिला वाजतगाजत घेऊन जा. मग दुसरीचं बोलू."

"अहो, पण हा पोरखेळ..."

"बाबा!" निखिल म्हणाला.

"येतील," सुधा म्हणाली. "वाजतगाजत येतील."

अशा रीतीने पुढच्या रविवारी एक प्राध्यापक, एक बाहुला आणि वऱ्हाड असे आम्ही धुळ्याला निघालो. बाहुल्याचा डोळा अक्काने शिवून दिला होता. निखिलने त्याला पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला आणि मला मागे, चटणीच्या बरणीशेजारी. पारोळ्याला चहाला थांबलो तर टपरीवाला बाहुल्याकडे बघून म्हणाला, "नवरदेव काही घेणार का?" सगळे हसले. मी तत्त्वाने हसलो नाही.

लीलाताईंच्या गल्लीत शिरलो आणि गाडीसमोर बँड वाजू लागला. खराखुरा बँड! लाल कोट, पिवळ्या झालरी, तुतारीसुद्धा. वर काहीतरी घोंघावलं. मी मान वर केली. ड्रोन!

"ताई," मी उतरता उतरता म्हणालो, "आपलं ठरलं होतं की..."

"तुमची बंदी निखिलच्या लग्नाला," लीलाताई म्हणाल्या. "हे लग्न बंदीच्या आधीचं."

मी नवरदेवाला काखेत मारलं आणि दारातल्या मांडवाकडे निघालो. मांडवात गल्लीतले एक पुढारीही होते आणि त्यांचा सत्कारही झाला. मग लीलाताईंनी बिस्किटांचा जुना डबा उघडला आणि बाहुली बाहेर काढली. हिरव्या खणाची साडी, कपाळावर फिकट झालेलं कुंकू. मी तिला ओळखलं. दोघांना शेजारी बसवलं तेव्हा मी बाहुल्याचा फेटा पुन्हा पुन्हा झटकला, आणि ते धुळीवर ढकललं. धुळ्यात त्याची सोय आहे.

आणि मग टॉवेल-टोपीचं ताट आलं.

पहिला मान दिलीपरावांचा. मग पुढाऱ्यांचा. मग निखिलचा. मग आमच्या गाडीच्या ड्रायव्हरचा. शेजारचे एक गृहस्थ केवळ उसना नेलेला कुकर परत द्यायला आले होते, त्यांनाही टोपी! ताट माझ्यापाशी आलं. मी खांदे सरळ केले. नको म्हणायचं वाक्य तयार होतं. फार सुंदर वाक्य होतं.

"सरांना नको," लीलाताई म्हणाल्या. "त्यांचं तत्त्व आहे."

ताट पुढे गेलं.

उन्हं जरा जास्त वाटत होती म्हणून मी उठलो आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आत वरण-बट्टीची पंगत बसली. तुपाचा वास येत होता.

सुधा आली. "जेवायला चला."

"भूक नाही."

"काय झालं?"

"कुठे काय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "अहो... तुम्ही रुसलात?"

"लिले!" दारातून अक्का ओरडली. "लवकर ये, पाहून घे! अगदी तस्साच बसलाय, मांडीही तीच!"

अख्खी पंगत दारात लोटली. बट्टी चुरता चुरता लोक मला बघायला आले. वर ड्रोनही आला. अक्काने माझ्या हातात गूळ-शेंगदाणे ठेवले आणि मी, साठी उलटलेला, तत्त्वनिष्ठ, निवृत्त प्राध्यापक, ते खाल्ले.

तेवढ्यात लीलाताई गर्दीतून पुढे आल्या. त्यांच्या हातात एक पांढरट, पिवळी पडलेली टोपी होती. वेडीवाकडी, मोठमोठ्या टाक्यांची, आठ वर्षांच्या मुलाच्या मापाची.

"विचारत होतात ना, कसल्या कामाने घरात गेले?" त्या म्हणाल्या. "हीच शिवत होते. थोडं थांबला असतात तर!"

मी टोपी घेतली. परत करायचं वाक्य काही केल्या आठवेना. टोपी डोक्यात बसत नव्हती, नुसती वर ठेवल्यासारखी राहत होती. तरी पंगत संपेपर्यंत मी मान ताठ धरून, ती पडू न देता जेवलो. तूप वाढून घेतानासुद्धा मान हलवली नाही. निखिल-केतकीचं पक्कं झालं. त्यांचं लग्न माझ्या तत्त्वांप्रमाणे साधंच होणार आहे. तिकडे आता कुणाचं फारसं लक्षही नाही.

परतताना गाडीत दिलीपरावांची आठवण निघाली. भला माणूस. त्यांना टोपीबरोबर टॉवेलही मिळाला होता, चांगला जाड, लाल काठाचा. मला फक्त टोपी मिळाली. म्हटलं, जाऊ दे, नातवाच्या लग्नात बघू.