सिद्रामप्पांचा गाठींचा दोर

सिद्रामप्पा मास्तर गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. मातीला पोचता आलं नाही. त्यांना जाऊन आज महिना झाला, आणि जे त्यांच्यापाशी बोलायचं राहून गेलं ते आता कागदावर मांडत बसलोय... याला काही अर्थ नाही, हे मलाही कळतं.

निजामाच्या राज्यात अणदूरजवळच्या एका गावी आम्ही दोघे एकाच शाळेत होतो. मी सदर मुदर्रिस, म्हणजे थोरला मास्तर, नि स्वभावानं भित्रा. ते चौथीला शिकवत. एका उन्हाळ्यात त्यांनी पुस्तकं मिटली, हातागणिक गाठ मारलेला एक दोर घेतला, त्याला दगड बांधला आणि पोरांकडून गावातल्या सगळ्या विहिरी मोजून घेतल्या. गणित, भूगोल, अक्षर, सगळं त्या एकाच कामात. मग पोरांनी वर्गाच्या भिंतीवर गेरूनं गावाचा नकाशा काढला आणि प्रत्येक विहिरीपाशी पाणी लिहिलं. पाटलांच्या विहिरीत बारा हात. खालच्या आळीच्या विहिरीत नुसता चिखल.

पाटील एकदा दारात उभे राहून भिंत वाचून गेले. मी लगेच सिद्रामप्पांना गाठलं.

"मास्तर, एवढ्या दोन विहिरी तरी पुसा," मी म्हणालो.

"पोरांनी सोता मोजलंय. म्या कसं पुसू?"

मुआयन्याच्या, म्हणजे शाळातपासणीच्या, आदल्या दिवशी सिद्रामप्पा तुळजापूरला गेले होते. मी भिंतीला चुना फासून घेतला.

दुसऱ्या दिवशी तपासनीस साहेब आले. कविता, पाढे ऐकले, आणि उठता उठता म्हणाले, "बच्चे बावड्यां नापे कते... वो नक्शा किधर है?" पोरांनी विहिरी मोजल्याचं त्यांच्या कानावर कसं गेलं होतं कोण जाणे. सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. मी शेरेबुक साहेबांपुढं सरकवलं.

"भिंत फुगली होती साहेब, चुना द्यावा लागला," सकाळीच परतलेले सिद्रामप्पा म्हणाले.

साहेब शेरेबुकात 'पाठांतर उत्तम' लिहून गेले. संध्याकाळी सिद्रामप्पा एवढंच बोलले, "आधी सांगितलं असतं तर वहीत तरी उतरून घेतला असता." पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा दोर काढला, तर एक मुलगी म्हणाली, "गुर्जी, पुसायचंच आसंल तर मोजायचं कशाला?" त्यांनी दोर खुंटीला टांगला, तो पुन्हा उतरवला नाही. आम्ही बरीच वर्षं शेजारी बसून भाकरी खाल्ली. चुकलो, हा एक शब्द मला तेवढ्या वर्षांत म्हणता आला नाही.

परवा त्यांची मुलगी तो दोर घेऊन आली. "अप्पा म्हणले होते, ह्यो थोरल्या मास्तरांना द्या."

"आणखी काही म्हणाले?"

"न्हाय. एवढंच."

दोर माझ्या खोलीतल्या भिंतीवर टांगलाय. गाठी अजून घट्ट आहेत. काल मुलानं दिवाळीसाठी चुना कालवला आणि कुंचा घेऊन आत आला. बाकीचं घर कर, म्हटलं... ही भिंत राहू दे.