चाळीस छातीचा माणूस

लाला विलायतीरामने तरलोचन सिंगला पहिल्यांदा पाहिलं ते लुधियान्यात, जानेवारीतल्या एका लग्नात, आणि त्या दिवशी ते लग्न मोडता मोडता राहिलं. तरलोचन मांडवात शिरला आणि बँडवाल्यांचा सूर चुकला. नवरदेवाची घोडी पाठीवरच्या नवरदेवासकट वळली आणि त्याच्या दिशेने चालू लागली. मिलनीला दोन्हीकडचे मामा एकमेकांना हार घालून मिठी मारतात; तर मुलीच्या मामाने मुलाच्या सख्ख्या मामाला कोपराने बाजूला सारलं, तरलोचनच्या गळ्यात हार घातला आणि त्याला हातभर वर उचललं. सख्खा मामा जेवणाची पंगत उठेपर्यंत रुसून बसला होता. तरलोचन बिचारा मुलीकडचा शेजारी, फुकट जेवायला आलेला. त्याने इतकंच केलं होतं, की करड्या कोटाखाली सायीच्या रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर घातला होता. स्वेटरच्या गळ्याला एक बारीक शेंदरी रेघ होती, आणि डोक्यावरची पगडी बरोबर त्या रेघेच्या रंगाची होती.

लालाजींचा स्वेटरचा कारखाना. हातातलं छोले-भटुऱ्यांचं ताट खुर्चीवर ठेवून त्यांनी खिशातून टेप काढली आणि भर मांडवात त्याची छाती मोजली.

"चाळीस! आणि पोट नाही! अरे सरदारा, नमुन्याचा स्वेटर चाळीसचाच असतो. देव चाळीसच्या छात्या देतो, पण खाली घागर बांधून देतो. काय करतोस तू?"

"सायकलच्या कारखान्यात घंट्या बसवतो."

"सोड त्या घंट्या. माझ्याकडे ये. काही करायचं नाही. स्वेटर घालायचा आणि उभं राहायचं."

तरलोचन पुढे बावीस वर्षं उभा राहिला.

हिवाळ्याचा माल घ्यायला व्यापारी येतात ते जूनमध्ये, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं तेव्हा. श्रीनगरचे, देहरादूनचे, पार काठमांडूचे. ते पंख्याखाली बसून लस्सी प्यायचे आणि तरलोचन एकामागून एक लोकरीचे नमुने घालून समोर उभा राहायचा. शर्टाची बाही स्वेटरातून दोन बोटं बाहेर. खालची किनार पट्ट्यावर टेकलेली, त्याखाली नाही. जाड विणीखाली पातळ शर्ट, बारीक विणीवर कोट. तीन स्वेटर झाले की घामाने भिजलेला शर्ट पिळून वाळत टाकायचा आणि दुसरा चढवायचा. व्यापारी नुसता माल घेत नसत. कशावर काय घातलंय ते वहीत टिपून नेत आणि आपल्या दुकानात तसंच मांडत. अर्ध्या हिमालयातले पुरुष स्वतःला न कळत तरलोचन सिंग घालून हिंडत होते.

फेब्रुवारीत त्याची बायको इक्बाल कौर वारली. गुरुद्वारात तिच्यासाठी भोगाचा पाठ झाला, नातेवाईक गेले, तरलोचन कामावर आला. पुढे ताट ठेवलं तर जेवायचा, नाही ठेवलं तर नाही. जून आला तसे त्याने स्वेटर घातले.

पहिल्या दिवशी त्याला घाम आला नाही. अकरा स्वेटर झाले आणि शर्ट कोरडाच. लालाजी हरखले. "बघा, बघा! जूनमध्ये लोकर, आणि माणूस कसा काकडीसारखा थंड!" तरलोचन छताच्या पंख्याकडे बघत होता. अंगावरची लोकर जाड आहे की पातळ, हेही त्याला कळत नव्हतं.

श्रीनगरचे अब्दुल गनी मात्र लस्सीला शिवले नाहीत. हंगामाचा तिसरा हिस्सा माल ते एकटे उचलत, आणि बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघून ठरवत.

"लालाजी, माल तोच, माणूस तोच. मग मला काही घ्यावंसं का वाटत नाही? अकरा स्वेटर, आणि अकरांवर ही एकच निळी पगडी!"

"जनाब, घरात दुःख झालंय त्याच्या."

"अल्ला त्यांना जन्नत देवो," गनीसाहेब म्हणाले आणि उठले. "उद्या बघू. उद्याही असंच असेल तर मी दुसरीकडे जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लालाजी नमुन्यांचं गाठोडं घेऊन तरलोचनच्या घरी हजर. पगडीचं सहा मीटर कापड खोलीभर ताणलेलं होतं. एक टोक तरलोचनच्या हातात, दुसरं दाराच्या कडीला बांधलेलं.

"हे काय?"

"घड्या घालायला समोर कोणीतरी लागतं, लालाजी."

लालाजींनी गाठ सोडली आणि टोक हातात घेतलं. जन्मात डोक्यावर तेलाखेरीज काही न घातलेला माणूस. आधी खाटेत अडकले, मग स्वतःभोवतीच फिरले.

"ओढा. एवढं नाही, लालाजी, मी पडेन."

"बरं, ही निळी राहू दे. पहिला हा शेवाळी स्वेटर, पिवळ्या ठिपक्यांचा. यावर कुठली?"

"कुठलीही."

"कुठलीही कशी? बावीस वर्षं तूच ठरवतोस ना?"

"नमुने मी आदल्या दिवशी घरी आणायचो. सकाळी ती टोक धरायची आणि सांगायची. 'सरदारजी, हे नको. स्वेटरात जो रंग सगळ्यांत कमी, तो डोक्यावर घ्या.' कधी म्हणायची शर्ट बदला. मी बदलायचो." बसची वेळ सांगावी तसं त्याने सांगितलं.

"लग्नातली ती शेंदरी पगडी?"

"तिनेच काढून दिली होती."

लालाजी खाटेवर बसले. "म्हणजे बावीस वर्षं मी चुकीच्या माणसाला पगार दिला?" बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"हो," तरलोचन म्हणाला.

"चल, कमी तो रंग ना? पिवळा!" लालाजींनी ट्रंक उघडली. पिवळ्या पगड्या दोन निघाल्या, एक मोहरीच्या फुलाच्या रंगाची, एक लिंबाच्या. दोघांनी त्या खिडकीशी धरून पाहिल्या.

"कुठली रे?"

"मला दोन्ही सारख्याच दिसतात."

लालाजींनी लिंबाची निवडली. पुन्हा घड्या घातल्या, तरलोचनने ती बांधली, आणि दहा वाजता शेवाळी स्वेटर घालून उभा राहिला. लालाजी श्वास रोखून गनीसाहेबांकडे बघत होते. गनीसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काल बरा होता," ते म्हणाले.

त्या वर्षी त्यांनी माल दुसरीकडून घेतला. पुढच्या जूनआधी लालाजींनी दिल्लीहून एक प्लास्टिकचा पुतळा आणला. छाती चाळीस, डोकं नाही. तरलोचन सिंग खोकी बांधायच्या खात्यात गेला.