नकाराची दहा मिनिटं

तीस वर्षं मी कळंबकडच्या एका शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त होऊन बारामतीत राहायला आले, त्याच वर्षी एका वैद्यकीय कॉलेजातल्या प्राध्यापक बाईंचा फोन आला. त्यांच्याकडे माणसांवर जे संशोधन होतं ते सुरू होण्याआधी एक समिती तपासते. त्या समितीत डॉक्टर नसलेलं, वकील नसलेलं, असं एक साधं माणूस लागतं. साधं म्हणजे कसं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ज्याला आमचं बोलणं कळत नाही आणि तसं सांगायला लाज वाटत नाही, असं." हे काम आपल्याला जमेल अशी माझी तिथल्या तिथं खात्री पटली.

कॉलेज कुठलं आणि तुरुंग कुठला, हे मी सांगणार नाही. या हकिकतीतल्या एका माणसाला मी तसा शब्द दिला आहे.

पहिली दोनेक वर्षं मधुमेह, गुडघेदुखी, बाळंतिणींचा आहार अशाच फायली आल्या. मग एका तरुण डॉक्टरची फाईल आली. तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांमध्ये टीबी लवकर ओळखता येतो का, हे त्याला एका नव्या रक्ततपासणीनं पाहायचं होतं. दर तीन महिन्यांनी रक्त आणि थुंकी घ्यायची, असं वर्षभर. काम चांगलं होतं आणि माणूसही सरळ होता. कोंदट बराकीत एकाला झालेला टीबी दहा जणांना होतो, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. फाईलसोबत तुरुंगाकडून आलेली यादी होती. बराकीतला एकूण एक माणूस भाग घ्यायला तयार होता. डॉक्टर त्यावर खूश होता.

माझं मन तिथंच अडलं. वर्गात "समजलं का?" विचारल्यावर सगळी पोरं एका सुरात "हो बाई" म्हणाली, की कुणालाच काही समजलेलं नाही हे मी ओळखायची. खरंच समजलेल्या वर्गात दोघं-तिघं तरी गप्प बसतात आणि एखादा शंका काढतो. मी समितीत हेच बोलले. फॉर्मची भाषाही मला पटली नव्हती. "कोणत्याही प्रलोभनाविना स्वेच्छेने सहभाग नोंदवीत असून" हे वाक्य मी मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, असं घरी कोण बोलतं? फॉर्म मी लिहून देते म्हटलं. पण तो लिहिण्याआधी आत राहिलेल्या कुणाशी तरी बोलावं असं मला वाटलं, आणि अध्यक्षांनी तशी मुभा दिली.

इंदापूर तालुक्यातल्या कळसमध्ये असे एक गृहस्थ माझ्या माहितीत होते. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. भावकीच्या मारामारीत त्यांचं नाव गोवलं गेलं, दीड-दोन वर्षं ते आत होते आणि नंतर कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात. मी गेले तेव्हा ते डाळिंबाच्या बागेत फांद्यांना आधार बांधत होते. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसून मी त्यांना फॉर्म वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"भाषा राहू द्या बाई," ते म्हणाले. "आदी हे सांगा, सही घेताना शेजारी कोन उभं असनार?"

शिपाई असेल, मी म्हटलं.

"मग समदे व्हयच म्हनत्याल. आत न्हाय म्हनायची सवयच मोडती मानसाची. बसा म्हनलं की बसायचं, उटा म्हनलं की उटायचं. डॉक्टरनं हात पुडं कर म्हनलं, करायचा."

शिपायाला बाहेर उभं केलं तर, असं मी विचारलं. ते हसले. तेवढ्यानं भागत नाही म्हणाले. जो दोन मिनिटांत खोलीबाहेर आला त्यानं नकार दिला, हे सगळ्या बराकीला कळतं आणि तिथून साहेबापर्यंत जातं. मग त्या माणसाच्या मनात येतं, की उद्या घरच्यांच्या भेटीची आपली चिठ्ठी मुद्दाम मागं ठेवली तर? कुणी ठेवणार नसलं, तरी भीती असतेच.

"मग काय करायचं, तात्या?"

"समद्यास्नी सारकाच येळ आत बसवा. व्हय म्हननाऱ्याला बी आन न्हाय म्हननाऱ्याला बी. आन रगत काढल्यावर हाताला पट्टी लावत्यात का न्हाय? ती बी समद्यांच्या हाताला लावा."

चहा-बिस्किटांचंही त्यांनीच सांगितलं. संशोधनात येणाऱ्यालाच बिस्किटं दिली, तर माणसं बिस्किटासाठी हात पुढं करतील. द्यायची तर सगळ्या बराकीला द्या.

परत येताना मला हलकं वाटत होतं. इतक्या फायली वाचून जे आम्हाला सुचलं नव्हतं, ते तात्यांनी फांद्या बांधता बांधता सांगितलं होतं. पुढच्या बैठकीत मी त्यांचं म्हणणं जसंच्या तसं मांडलं. तरुण डॉक्टर नाराज झाला. अशानं वेळ दुप्पट लागेल, नकारही वाढतील, असं तो म्हणाला. अध्यक्षांनी त्याला शांतपणे विचारलं, नकार वाढले तर आधीचे होकार खरे होते असं म्हणता येईल का? आमच्यातल्या वकिलांनी आणखी एक वाक्य घालायला लावलं: भाग घेतला म्हणून जामीन लवकर होणार नाही, आणि घेतला नाही म्हणून अडणारही नाही. नेहमीची तपासणी आणि औषध प्रत्येकाला मिळेल, मग तो हो म्हणो की नाही, हेही ठरलं. दोन आठवड्यांनी डॉक्टर सगळं दुरुस्त करून घेऊन आला. फॉर्म मी लिहिला होता. त्यातलं पहिलं वाक्य होतं, "तुम्ही नाही म्हणू शकता, आणि का ते सांगावं लागणार नाही."

तुरुंगाधिकाऱ्यांकडे आम्ही दोघं गेलो. ते अडून बसतील असं डॉक्टरला वाटत होतं, पण तसं झालं नाही. खोलीच्या दाराला काच होती. आपला माणूस काचेतून बघेल, ऐकणार मात्र नाही, एवढ्यावर त्यांनी मान्यता दिली. काचेतून बसलेल्याची पाठच दिसेल, हात दिसणार नाही, अशी खुर्ची आम्ही मांडली.

पहिल्या दिवशी डॉक्टरसोबत समितीतर्फे मी खोलीत बसले. एकेक जण येई, मी फॉर्म वाचून दाखवी, त्यांचे प्रश्न ऐकून घेई. चौथा आला तो सांगवीकडचा, पंचेचाळिशीतला, ऊस वाहणारा ट्रॅक्टरचालक. बसल्या बसल्या दोनदा खोकला. फॉर्म ऐकून त्यानं आधी काचेकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"न्हाय म्हनलं तर कुनाला कळंल?"

"आम्हा दोघांना. आणि आम्ही कुणाला सांगणार नाही."

"शब्द?"

"शब्द," मी म्हटलं.

"मग न्हाय."

डॉक्टर पुढं झुकला. या खोकणाऱ्या माणसाचं रक्त त्याला हवं होतं, हे मला दिसत होतं. का नको, हे विचारायचा मोह मलाही झाला. पण आम्हीच लिहिलेलं वाक्य समोर पडलं होतं. मी डॉक्टरकडं पाहिलं. त्यानं एक श्वास घेतला, पेन खाली ठेवलं आणि स्वतःच्या हातानं त्या माणसाच्या कोपराशी पट्टी लावली.

सगळ्यांना सारखाच वेळ बसवायचं ठरलं होतं, त्यातली दहा मिनिटं अजून काढायची होती. मी ट्रॅक्टरचं विचारलं. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन वळणावर कसं जायचं, हे त्यानं मला टेबलावर बोटानं रेघा ओढून समजावलं. पुढच्या चाकांकडं बघायचं नाही, शेवटच्या ट्रॉलीचं शेपूट कुठून येतंय ते बघायचं. बोलताना त्याचा चेहरा मोकळा झाला. उठायच्या आधी डॉक्टरनं त्याला सांगितलं, की थुंकीची साधी तपासणी संशोधनात धरली जात नाही, ती त्याच्या हक्काची आहे, हवी तर करून घे. त्यानं विचार केला आणि डबी हातात घेतली.

त्याला टीबी निघाला. औषध डॉक्टरनंच सुरू करून दिलं. त्याचं नाव संशोधनाच्या कुठल्याही कागदावर गेलं नाही. मध्येच त्याला जामीन झाला, तेव्हा पुढची औषधं गावाजवळच्या आरोग्य केंद्रातून मिळतील आणि त्या कागदावर तुरुंगाचा शिक्का नसेल, हेही डॉक्टरनंच पाहिलं. मी त्याला तसं सुचवलंही नव्हतं.

आणखीही काही जणांनी नकार दिला. एकानं पुढच्या फेरीत आपणहून होकार दिला, एकानं होकार मागं घेतला. वर्षाचं काम लांबलं, पण पुरं झालं. रक्ततपासणी उपयोगाची ठरली की नाही ते डॉक्टर लोक जाणोत. त्या कामातल्या होकारांवर मात्र मी डोळे झाकून विश्वास ठेवीन.

गेल्या उन्हाळ्यात बारामतीत एका कापडाच्या दुकानात भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेले होते. समोरच्या गादीवर तो ट्रॅक्टरवाला बसला होता, अंगानं भरलेला, शेजारी बायको आणि दोन-चार पाहुणे. मी ओळख दाखवली नाही. ती दाखवायची की नाही, हे त्यानं ठरवायचं होतं. मी साड्या बघत राहिले. थोड्या वेळानं तो उठून माझ्यासमोर आला आणि त्यानं हात जोडले.

"कोन वो ह्या?" बायकोनं मागून विचारलं.

"बाई हायेत. शाळंच्या," तो म्हणाला.

"व्हय, कळंबकडं होते," मी म्हटलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

बायकोनं मला सरकून जागा करून दिली. हिरवी घ्यावी का मोरपंखी, यावर तिला माझं मत हवं होतं. मी मोरपंखी म्हटलं. तिनं साडी खांद्यावर टाकून पाहिली, जरा विचार केला, आणि हिरवीच घेतली.