नकाशाची मागची बाजू

देवासच्या आमच्या कारखान्यात निरोप टाइम ऑफिसात येतो आणि शिपाई तो मशीनपर्यंत आणून देतो. त्या दिवशी तो आला, जरा थांबला आणि म्हणाला, "भिया, धार से फोन था. आपके मामाजी नहीं रहे." मी चिंधीला हात पुसायला लागलो आणि बराच वेळ पुसतच राहिलो... तात्यामामांना जाऊन आता पाच आठवडे झाले. सकाळी पूजेची फुलं काढता काढता अंगणातल्या पायरीवर बसले आणि तिथंच संपले, असं शेजारच्यांनी सांगितलं. ज्या माणसानं धारहून इंदूरला जायचं तरी आदल्या दिवशी दोनदा बसची वेळ बघून यावं, तो या सगळ्यात मोठ्या प्रवासाला काहीच तयारी न करता निघून गेला. मला दुःख झालंच, पण खरं सांगायचं तर थोडा रागही आला.

मामा बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. धार जिल्ह्यातले रस्ते, पार टोकाच्या डही गावापर्यंतचे, त्यांनी कागदावर काढलेले. अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव तारेसारखा ताणलेला. माझ्या आजोळचं घराणं संस्थानच्या काळापासून नोकरीतलं. साहेबानं विचारलं तर उत्तर तयार पाहिजे, अडखळला तो संपला, ही शिकवण त्यांच्या हाडीमाशी मुरलेली. त्यामुळे आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही, हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. एकुलती एक मुलगी सुधा डॉक्टर होऊन इंग्लंडला गेली. तिथल्याच एका डॉक्टरशी लग्न करायचं आहे, असं तिनं कळवलं, तेव्हा मामांनी उलटटपाली एका ओळीत नकार पाठवला. सुधानं लग्न केलं. पुढची सहा वर्षं तिची पत्रं मामीच्या नावानं येत. मामी स्वयंपाकघरात ती जरा मोठ्यानंच वाचायची, बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू जावीत म्हणून. मग मामी गेली आणि पत्रांना घरात पत्ताच उरला नाही.

वर्षभरानं सुधाचं लग्नानंतरचं पहिलं पत्र थेट मामांच्या नावानं आलं. सोबत तिकिटाची व्यवस्था आणि एक जाडजूड घडी घातलेला नकाशा. "बाबा, पंधरा दिवस रजा काढते. आपण दोघंच मोटारीनं फिरू. गाडी मी चालवीन, नकाशा तुम्ही वाचा." मी रविवारी धारला गेलो तेव्हा मामांनी पत्र माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "अरविंदा, ही एकच संधी आहे रे. इथं चुकलो तर पुन्हा बोलावणार नाही ती."

तिथून तीन महिने त्या घरात दुसरा विषय नव्हता. नकाशा उलगडला की पलंगावरच्या चादरीएवढा व्हायचा आणि पुन्हा मूळच्या घडीत काही केल्या बसायचा नाही. निळे रस्ते, हिरवे रस्ते, लाल रस्ते. कुणाच्या नंबरामागे एम, कुणाच्या ए, कुणाच्या बी. एकच रस्ता गावात एका नंबरानं शिरायचा आणि भलताच नंबर घेऊन बाहेर पडायचा. "हे असं कसं? मध्ये काय बारसं झालं याचं?" मामा भिंग खाली ठेवून विचारायचे. एकाच नावाची गावं दोन ठिकाणी. चौकांच्या जागी वाटोळी चक्रं, त्यांतून पाच-पाच रस्ते फुटलेले. त्यातला तिसरा घ्यायचा, तर मोजायला सुरुवात कुठून? त्यांची झोप उडाली, जेवण कमी झालं. मी चेष्टा करायचो, "मामा, सुधा तिथं दहा वर्षं राहते. तिला ठाऊक असतील रस्ते." ते माझ्याकडे असे बघायचे की मी पुढे बोलत नसे. तिनं त्यांना काम दिलं होतं आणि सात वर्षांत दिलेलं ते पहिलंच.

आणि मग त्यांनी ते केलं, जे खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हातूनच व्हावं. महत्त्वाचा नकाशा टिकावा म्हणून त्याला मागून कापड लावायचं, हा ऑफिसचा रिवाज. मामांनी मैद्याची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद टाकलं आणि तो नकाशा मांजरपाटावर असा चिकटवला की एक सुरकुती नाही. सरकारी नकाशे एका बाजूलाच छापलेले असतात. हा दोन्ही बाजूंना होता. पुढच्या बाजूला इंग्लंडचा दक्षिण भाग, म्हणजे पहिला आठवडा. मागच्या बाजूला उत्तर भाग आणि स्कॉटलंड, म्हणजे दुसरा. मागची बाजूही त्यांनी अनेकदा पाहिली होती, पण खळ लावताना हात सवयीनं चालले. दुसऱ्या दिवशी पुढचा मुक्काम बघायला त्यांनी नकाशा उलटला, तर समोर कोरा मांजरपाट.

मी गेलो तेव्हा ते परातीत कोमट पाणी घेऊन बसले होते. कापड सुटत होतं, पण छापलेला कागद त्याच्याबरोबर पापुद्र्यांनी निघत होता. इंदुरात असा नकाशा मिळेना. "सुधाला लिहा, दुसरा पाठवेल," मी म्हणालो.

"आणि काय लिहू? बापाला एक कागद सांभाळता आला नाही?"

मग त्यांनी वाचलेले तुकडे जुळवून ट्रेसिंगच्या कापडावर दुसरा आठवडा हातानं काढायला घेतला. जिथं तुकडा गेला होता तिथं जागा कोरी ठेवली. अंदाजानं रस्ता काढणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं.

निघण्याआधी त्यांना सरावही करायचा होता. माझी जुनी मोटार होती. ठरलं असं की देवासहून नेमावरला जायचं, मी फक्त गाडी चालवायची, रस्ता मामांनी जिल्ह्याचा नकाशा बघून सांगायचा आणि कुणाला काही विचारायचं नाही. चापड्याच्या फाट्यावर त्यांनी उजवीकडे म्हटलं. मला शंका आली, पण मी वळलो. मैलाभरातच त्यांच्याही लक्षात आलं असणार, कारण ते नकाशा डोळ्यांजवळ नेऊन बघायला लागले. तरी बोलेनात. पुढे वस्ती लागली, दुकानाची पाटी आली, तिच्यावर बागली. एक म्हातारा आपणहोऊन खिडकीशी आला आणि हसत म्हणाला, "बाबूजी, नेमावर को रस्तो तो पाछे रई गयो." मामा समोर बघत म्हणाले, "हाही रस्ता जातो पुढे." तो जात नव्हता. आम्ही परतलो, तरी चूक झाली एवढं ते म्हणाले नाहीत. मला त्या दिवशी त्यांची फार भीती वाटली... हा माणूस तिथं जाईल, एखाद्या वळणावर असाच गप्प बसेल आणि बापलेकीत उरलंसुरलं तेही संपेल.

मामा इंग्लंडला निघाले आणि पंधरा दिवस मी पोस्टमनची वाट बघत होतो. पत्र आलं नाही. मामाच आले. इंदूरच्या विमानतळावर मी विचारलं, "कसा झाला प्रवास?" "ठीक झाला," ते म्हणाले आणि सामान मोजायला लागले. त्यानंतर सुधाची पत्रं नेमानं त्यांच्या नावानं येऊ लागली, एवढं मला दिसत होतं. मी पुढे खोदलं नाही.

आता मामा गेल्यावर सुधा आली होती. तेराव्याचं आटोपल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. तिनं स्वतःहूनच सांगितलं.

"पहिला आठवडा बाबांनी एकही वळण चुकवलं नाही, दादा. मग त्यांनी तो हातानं काढलेला नकाशा काढला. मध्ये मध्ये कोरं होतं. मला वाटलं, तळी असतील." ती जरा हसली. "एका फाट्यावर मी विचारलं, बाबा, आता कुठे? बोलेनात. मागे एक गाडी येऊन थांबली. परत विचारलं. तर म्हणाले, सुधा, मला माहीत नाही गं. आणि खळीपासून सगळं सांगून टाकलं. मी गाडी कडेला घेतली. मला रस्ता पाठ होता, पण कशी सांगणार? मग म्हणाले, तुझं लग्नाचं पत्र आलं तेव्हाही मला काही कळत नव्हतं. माणूस कसा आहे, देश कसा आहे... कळत नव्हतं म्हणून 'नाही' असं लिहिलं."

सुधानं पदरानं डोळे पुसले. मग आम्ही चहा घेतला.

ती परत इंग्लंडला गेली त्याला तीन आठवडे झाले. माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. परतल्यानंतरची सात वर्षं मामा होते. मी दर रविवारी धारला जायचो, त्यांच्या समोर बसायचो, पोहे खायचो, हवापाण्याचं बोलायचो. प्रवासात काय झालं, एवढं विचारायला दोन शब्द लागले असते आणि त्यांनी सांगितलं असतं, असं आता वाटतं. मी विचारलं नाही. भाचा शोभतो मी त्यांचा.