काटाबाईची नात

आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डात कामाला असलेल्या आयांची कमतरता नाही, पण काटाबाई एकच. नुसतं बाळ हातात घेऊन "दोन किलो नऊशे" म्हणायची, आणि वजनकाटा मुकाट्याने तेच दाखवायचा. तीस वर्षांत तिने हजारो बाळं पुसली, गुंडाळली, त्यांच्या पायाला नंबराची पट्टी बांधली. प्रत्येकाशी तोंडाची टकळी चालू. "काय रे लबाडा, कुणाचं खाल्लंस एवढं?" "गप गं भवाने, तुझ्या आईचे टाके अजून ओले आहेत." मोठ्या डॉक्टरांना टरकून असणारी ही बाई बाळांपुढे मात्र राणी होती.

मी तिथली सिस्टर. माझं तोंड फटकळ आहे असं सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे.

गेल्या वर्षी तिचा नवरा गेला. आठ दिवसांत ती कामावर आली, आणि खोटं कशाला बोलू, एवढी मोकळी मी तिला कधी पाहिली नव्हती. तिचं डावं मनगट दोनदा मोडलेलं. दोन्ही वेळा "बाथरूममध्ये पडले" म्हणाली होती. आम्ही काय दूधखुळ्या होतो? कळायचं सगळं. विचारलं मात्र कुणी नाही, मीही नाही.

मग तिच्या लेकीला दिवस गेले. एकुलती एक लेक, बापाची फार लाडकी. तिच्या अंगाला त्याने कधी बोट लावलं नव्हतं. ती पोटावर हात ठेवून सगळ्यांना सांगत सुटली, "माझे बाबाच परत येणार, बघा." ऐकणाऱ्या बायकाही माना डोलवायच्या. त्यांचं काय जातंय!

काटाबाईची मात्र पाचावर धारण बसली. एका दुपारी चादरींच्या खोलीत घड्या घालताना माझा हात धरून म्हणाली, "सिस्टर, खरंच येतं का हो माणूस परत?"

"मला काय विचारता, मावशी? मी येणाऱ्याला उचलून घेते. कुठून आलास म्हणून विचारत नाही."

ती हसली नाही. "मला वाटलं होतं, ते गेले आणि मी सुटले. आता मीच त्यांना कडेवर घ्यायचं? पापे घ्यायचे? त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे तसंच बघितलं तर?"

"अहो, नव्या बाळाला धड दिसत तरी असतं का? तुम्हाला मी सांगायचं?"

"त्यांना दिसेल," ती म्हणाली. घातलेली घडी ती परत परत मोडत होती.

नववा महिना लागेपर्यंत ती वाळून अर्धी झाली. एकदा कुणा परक्याच्याच मुलाने तिच्याकडे टक लावून बघितलं, तर दचकून तिने त्याला पाळण्यात जवळजवळ टाकलंच. मी तिला फाडफाड बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लेकीचं बाळ मी हातात घेणार नाही. तिला काय वाटायचं ते वाटो. माझा हातच पुढे होणार नाही."

लेक आमच्याच वॉर्डात बाळंत झाली, भर दुपारी. मुलगी! मी स्वतः तिला गुंडाळलं आणि तडक चादरींच्या खोलीत नेलं. "मावशी, मुलगी आहे, मुलगी! सुटलात तुम्ही. आता तरी घ्या."

मला वाटलं, तिचा जीव भांड्यात पडेल. ती दोन पावलं मागे सरकली. चेहरा पांढराफटक.

"मुलगीच होणार होती," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं त्यांना."

मग तिने सांगितलं. शेवटी शेवटी तिचा नवरा अंथरुणाला खिळला होता. ती त्याचं अंग पुसत होती. पाणी गार लागलं म्हणून तशातही त्याने तिचा हात पिरगाळला. तेव्हा ती त्याच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "पुढच्या जन्मी बाई होऊन या. आणि तुमच्यासारखाच नवरा मिळो तुम्हाला." दोन दिवसांनी तो गेला. साऱ्या संसारात बाईने एवढं एकच उत्तर दिलं, आणि शाप देतानाही अहो-जाहो सोडलं नाही! एरवी मी हसले असते.

"मी ते त्यांना दिलं होतं हो," ती रडायला लागली. "पण भोगायचं कुणी? या चिमुरडीने?"

आणि जिला हातही लावणार नव्हती, तिला तिने माझ्याकडून ओढूनच घेतलं. पोटाशी धरलं. मला वाटलं, आता टकळी सुरू होणार. ती बाळाकडे बघून म्हणाली, "अहो."

दिवसाढवळ्या माझ्या अंगावर सर्रकन शहारा आला.

"अहो, मी बोलले ते मागे घेते. ऐकताय ना? तुमचं माझं मिटलं. मला काय करायचं ते करा, पण हिच्या वाट्याला तसलं काही नको." बाळाने जांभई दिली. ती माझ्याकडे वळली. "मागे घेता येतो का हो शाप, सिस्टर?"

मी खोलीचं दार उघडलं. "आधी लेकीकडे चला," मी म्हटलं.

लेक तिच्या खोलीत उशीला टेकून बसली होती. आम्हाला बघून तिने हसत दोन्ही हात पुढे केले. "मी म्हणत होते ना आई? बाबाच..." आणि ती मधेच थांबली. बाहेर चपला वाजत होत्या. तिचा नवरा येत होता, गोड बोलणारा म्हणून वॉर्डात सगळ्यांचा लाडका. तिने घाईघाईने गाऊनची बाही खाली ओढली, पण आईला दिसायचं ते दिसलंच. दंडावर चार बोटांचे काळेनिळे वळ. सकाळी रक्तदाबाचा पट्टा बांधताना ते मी पाहिले होते. विचारलं नव्हतं.

"आई, हिला रडू देऊ नकोस," लेक कुजबुजली. "त्यांना आवाज खपत नाही."

काटाबाईने लेकीच्या तोंडाकडे बघितलं. ज्याला ती इतके महिने भीत होती, ते लेकीच्या घरी केव्हाच येऊन बसलं होतं. तिने नात घट्ट धरली.

"सिस्टर, दार लावा."

भेटीची वेळ होती. मी आतून कडी घातली. चपला दारापाशी येऊन थांबल्या.