आधी तुमी सुरू करा

रडण्यात आशाबाईचा हात धरील अशी बाई सेनगावच्या आसपास दहा गावांत नव्हती. हे कुणी थट्टेनं म्हणत नसे. मयताच्या घरी भेटायला जीप निघाली की बायका आधी तिच्यासाठी जागा धरत. उंबऱ्यापाशी पोचायच्या आधीच तिचा सूर लागायचा, आणि दोन दिवस दगडासारखी बसलेली घरातली बाई उठून तिच्या गळ्यात पडायची. रीतच तशी. भेटायला आलेलीनं आधी गळा काढायचा, मग घरच्या बाईनं त्यात आपलं रडणं मिसळायचं. घरचीनं एकटीनं सुरुवात करायची नाही. मेलेल्या माणसाला आशाबाईनं पाहिलेलं असो-नसो, त्याच्या बैलांचं, त्यानं खोदलेल्या विहिरीचं नाव घेऊन ती असं रडायची की ओट्यावर तंबाखू मळणाऱ्या पुरुषांचे हात थांबायचे. माघारी जीपमध्ये बसली की नाक पुसायची, पिशवीतून सुपारी काढायची आणि म्हणायची, "मोकळी झाली बिचारी."

तिची स्वतःची लेक गेली, तेव्हा मात्र तिच्या तोंडून आवाज निघाला नाही.

पुनमला वसमतकडं दिली होती, हळद पिकवणाऱ्या घरात. पहिलटकरीण. सातवा महिना लागलेला. पंधरवड्यात तिला माहेरी आणायची होती. आशाबाईनं गोधड्या धुऊन ठेवल्या होत्या, डिंक निवडून डब्यात भरला होता. हळद काढायचे दिवस, सगळं घर शेतात. भरदुपारी घरात एकट्या पुनमला झटके आले. जावई देविदास भाकरी न्यायला आला तेव्हा ती चुलीपाशी पडलेली होती. वसमतचा दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं. पोटातलं लेकरूही गेलं.

आशाबाई पोचली तेव्हा अंगण बायकांनी भरलं होतं. "आली, माय आली," कुणीतरी म्हणालं. बायका सरकल्या, मधून वाट झाली. सगळ्यांनी पदर तोंडाशी नेले आणि तिच्याकडं बघू लागल्या. आशाबाईला ते बघणं नीट कळलं. कित्येक अंगणांत ती त्याच नजरांमधून चालत गेली होती. ती गेली आणि पुनमच्या पायांशी बसली. पाय सुजलेले होते, जोडवी बोटांत रुतली होती. बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या, तिला हलवून हलवून रडल्या. ती जोडव्यांकडं बघत राहिली.

"धसका घेतला," असं तेराव्यापर्यंत सगळे म्हणाले. तेराव्यानंतर कुजबुज सुरू झाली. जिच्याबरोबर आशाबाई प्रत्येक मयताला जायची ती शेजारची मिराबाई नळावर म्हणाली, "लोकायच्या घरी पदर भिजवू भिजवू रडली, अन् पोटच्या पोरीला दोन थेंब न्हाईत." हंडा भरून निघालेल्या आशाबाईनं ते ऐकलं. घरी येऊन तिनं हंडा ठेवला आणि भाजीत दुसऱ्यांदा मीठ टाकलं.

पाच महिने असेच गेले. अर्धी भाकरी खायची, अर्धी बाजूला सारायची. बटणांचा जुना फोन कापडी पिशवीत घालून काखेत धरायची, झोपतानासुद्धा. तो वाजला की हातात घेऊन बघत बसायची, पण उचलायची नाही. वाजून वाजून बंद व्हायचा.

गावातल्या डॉक्टरनं दोनदा सलाईन लावलं. नवरा तातेराव तिला औंढ्याला घेऊन गेला, नागनाथाला अभिषेक केला. पुजाऱ्यानं तीर्थ दिलं, ते तिनं ओंजळीतच धरून ठेवलं. सेनगावच्या एका वैद्यानं काळ्या रंगाची बाटली दिली. त्या औषधानं पोट बिघडलं, बाकी काही झालं नाही.

शेवटी सून आरोहीनं लसीकरणाला आलेल्या नर्सबाईंना विचारलं आणि संध्याकाळी सासऱ्यापुढं विषय काढला.

"मामा, आत्याबाईला हिंगोलीला न्यावं म्हणते. सरकारी दवाखान्यात एक मॅडम हायेत. दुःखातल्या माणसाशी बोलतात."

"बोलतात? अन् औषध?"

"बोलणंच औषध हाय म्हणे."

तातेरावानं चहाचा कप खाली ठेवला. "बोलायला हिंगोलीला कशापायी जायचं? इथं मिराबाई दिवसभर बोलतीच की."

"मिराबाई बोलतात म्हणूनच न्यायचं हाय."

मंगळवारी सकाळी तातेरावानं धुतलेला सदरा घातला.

दवाखान्यातली ती खोली लहान होती. दोन खुर्च्या, टेबल, पाण्याची बाटली. सुई नाही, सलाईनचा खांब नाही. तातेरावानं सगळं निरखून घेतलं आणि त्याची खात्री झाली की आपण चुकीच्या खोलीत आलो. मॅडमचं नाव जान्हवी, वय तीस-बत्तीस, चष्मा.

"मॅडम, हिला तकलीफ अशी की ही रडत न्हाई," तो म्हणाला. "झोपत न्हाई, खात न्हाई, बोलत बी न्हाई. म्हणून मी सांगतो सगळं."

"काका, तुम्ही जरा बाहेर बसता?"

"पण ती बोलत न्हाई हो."

"मग आम्ही दोघी थोडा वेळ गप्प बसू."

तातेराव बाहेर गेला. जाताना दार लावावं की उघडं ठेवावं हे त्याला कळेना. त्यानं ते अर्धं लावलं. जान्हवीनं उठून पूर्ण लावलं आणि आपली खुर्ची टेबलामागून काढून आशाबाईसमोर आणली.

"मावशी, पुनमबद्दल काही सांगावंसं वाटलं तर सांगा. घाई नाही."

आणि ती खरंच गप्प बसली. मान थोडी खाली, हात मांडीवर. आशाबाईनं तिच्याकडं पाहिलं. हे बसणं तिच्या ओळखीचं होतं. जवळ सरकून, नजर खाली घालून, गेलेल्या माणसाचं नाव काढून बाई अशी कशासाठी बसते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिनं पदर सारखा केला आणि वाट पाहू लागली. पंखा फिरत होता. बाहेर कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला. पोरगी काही सुरू करेना. आशाबाईला तिची कीव आली. शिकलेली होती, चांगल्या घरची दिसत होती, पण हिला कुणी रीत शिकवली नव्हती.

"आधी तुमी सुरू करा, बाई," ती हळूच म्हणाली.

"काय सुरू करू, मावशी?"

"रडायला. भेटायला बसल्या ना तुमी? मग आलेलीनं आधी गळा काढायचा असतो. मी लागते मागून."

जान्हवी हसली नाही. ती म्हणाली, "मला तसं रडता येत नाही. तुम्हाला येतं?"

"मला?" आशाबाईच्या ओठांवर काहीतरी आलं आणि गेलं. "इचारा सेनगावात कुणालाबी. त्या दिवशी बी मी रडायलाच गेल्ते."

"कुठल्या दिवशी?"

आशाबाईनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग ती बोलायला लागली. पुंजाजी नावाचा म्हातारा गेला होता, नव्वदीचा, तिकडं दूरच्या गावात. मिराबाईच्या नात्यातला. आशाबाईनं त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. पण जीपमध्ये जागा धरली होती, मग गेली. पिशवी ओट्यावरच्या खुंटीला अडकवली आणि सूर लावला. म्हाताऱ्याच्या सुना जागच्या हलत नव्हत्या, म्हणून जास्तच जोर लावला. तास-दीड तास. सगळं घर रडवलं.

"जीपमधी बसल्यावर सुपारी काढायला पिशवीत हात घातला. फोन पाह्यला. पुनमचं नाव व्हतं. तीन बार. बारा वाजून धा, मंग चौदा, मंग एकतीस." आकडे ती पाठ असल्यासारखे बोलली. "मला वाटलं, लोणचं मागून राहिली असंल. रोजच मागायची. म्हनलं, घरी जाऊन करू निवांत. अन् मी सुपारी खाल्ली."

तिनं पिशवीवरूनच फोन चाचपला.

"माझ्याच गळ्याचा आवाज एवढा व्हता बाई, की मला माझ्या लेकराचा फोन ऐकू आला न्हाई. आता त्योच गळा तिच्यापुढं कोन्त्या तोंडानं काढू?"

तुमची काही चूक नव्हती, असं जान्हवी म्हणाली असती तर आशाबाई तिथूनच उठली असती. पण जान्हवीनं फक्त विचारलं, "फोन उचलला असता, तर काय म्हणाला असता तुम्ही?"

हे आशाबाईनं कधी मनात आणलं नव्हतं. तिच्या मनात फोन नुसता वाजायचा.

"म्हनलं असतं, काय गं पुने, जेवलीस का," ती अडखळत म्हणाली. "मंग ती म्हनली असती, माय, डोकं लई दुखून राहिलं. मी म्हनलं असतं, पडून राहा. शेजारणीला हाक मार. घाबरू नको, मी निघाले. येऊन राहिले मी."

तिचे डोळे कोरडेच होते. जान्हवीनं पाण्याची बाटली पुढं केली. आशाबाईनं ती नुसतीच हातात धरली.

"पुढच्या मंगळवारी याल?"

"तवा रडू येईल?"

"ते मला सांगता येणार नाही, मावशी. पण मी इथं असेन."

बाहेर तातेराव उठून उभा राहिला. "सुई दिली?"

"न्हाई."

"गोळ्या?"

"न्हाई."

"मंग घंटाभर काय केलं?"

"पुनमचं बोलले."

पाच महिन्यांत त्या घरात कुणी ते नाव एवढ्या सरळ घेतलं नव्हतं. तातेरावानं पुढं होऊन बसस्टँडची वाट धरली.

बस सुटली. दोन्हीकडं सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं. आशाबाई खिडकीशी बसली होती, पिशवी काखेत. गावाबाहेर निघता निघता पिशवीत फोन वाजला. तातेरावानं तिकडं पाहिलं नाही, त्याला ठाऊक होतं की तो वाजून बंद होणार. तिनं फोन बाहेर काढला. हातात धरला. तो वाजत राहिला. मग तिनं हिरवं बटण दाबलं.

"आत्याबाई?" पलीकडं आरोही चमकली होती. "तुमी उचलला? मामाचा फोन लागत न्हाई म्हणून केला. कुठवर आल्या?"

आशाबाईनं फोन कानाशी घट्ट धरला.

"निघाले गं," ती म्हणाली. "येऊन राहिले मी."

आणि मग तिला पुढं बोलता आलं नाही. सूर नव्हता, शब्द नव्हते, दहा गावांत गाजलेल्या त्या गळ्यातून एक कण्हणं तेवढं निघालं, तेही बसच्या खडखडाटात मागच्या बाकापर्यंत गेलं नसेल. पाणी गालांवरून फोनवर उतरत होतं. "आत्याबाई, हॅलो, हॅलो," आरोही म्हणत होती. तातेरावानं वळून पाहिलं. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, लगेच काढला, पुन्हा ठेवला. मग खांद्यावरचा रुमाल ओढून त्यानं आपल्याच तोंडात कोंबला.

कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन बाकापाशी आला.

"कुठं जायचं, पाव्हणं? किती जण?"

रुमाल तोंडातच ठेवून तातेरावानं दोन बोटं वर केली.